गावातला दुसरा कमोड

परदेशी मुलांना तीन आठवडे खेड्यात सांभाळणं म्हणजे काय असतं, ते ज्यानं सांभाळलं त्यालाच माहीत. मी कॅनडातल्या एका विद्यापीठात ग्रामीण समाजाचा अभ्यास शिकवते आणि वर्षाआड हिवाळ्यात दहा-अकरा विद्यार्थी घेऊन भारतात येते. कागदोपत्री त्याला अभ्यास सत्र म्हणतात. माझ्या लेखी ते लग्नाचं वऱ्हाड असतं. तेच रुसवेफुगवे, तीच हरवलेली बॅग आणि कोणीतरी एकजण पोट धरून बसलेला. मी ओरडते, ती तोंडं पाडतात, मग मी त्यांना काहीतरी गोडधोड खाऊ घालते. इतक्या वर्षांत मला दुसरी पद्धत जमलेली नाही.

मुलांना केरळात नेलं, ओडिशात नेलं, एकदा पार अरुणाचलात नेलं. माझ्या गावी मात्र कधी नेलं नव्हतं. गाव माझं सिंदी रेल्वेहून केळझरकडे जाताना लागतं. तिथं दाखवण्यासारखं काय आहे, असं मी म्हणायचे. खरं कारण वेगळं होतं. परक्या गावात मी मॅडम असते, वही उघडून कोणालाही काहीही विचारू शकते. आपल्या गावात आपल्याला कोण प्रश्न विचारू देतं? शेवटी दादानंच एकदा फोनवर झापलं. तुह्या पोरायले साऱ्या देशात फिरवतं, म्हणाला, आपल्या गावात काय काटे हायेत काय?

दादा माझा थोरला भाऊ, पासष्टीचा. कापूस, तूर, थोडा चणा. एकदा सरपंच होऊन गेलाय आणि अजूनही गावातलं कुठलंही काम त्याच्या अंगणातून गेल्याशिवाय पुढं सरकत नाही. आमच्या घरात पहिल्यापासूनची रीतच आहे, गावचं काही निघालं की 'दादा पाहून घेईल.' मी प्राध्यापक झाले, सातासमुद्रापार गेले, पण गावाचा विषय आला की मी आपली धाकटी बहीण. खोटं कशाला बोलू, ते सोयीचंही होतं.

म्हणून घरांची यादीही दादाकडे गेली. आमच्या सत्रात ती यादी म्हणजे सगळ्याचा पाया. प्रत्येक मूल एकेका घरी राहतं, तिथंच जेवतं, त्याच घरच्या माणसांबरोबर शेतात जातं. अकरा मुलं म्हणजे अकरा घरं. दादानं चांगली घरं पाहून नावं काढली, वहीच्या पानावर लिहिली आणि पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. मी तेव्हा कसल्याशा मीटिंगमध्ये होते. नीट वाचलंही नाही. उलट निरोप म्हणून अंगठ्याचं चित्र पाठवलं आणि मोकळी झाले.

त्याच्याही आधी, दिवाळीत, मी एक फोन केला होता. हे सुरुवातीलाच सांगायला पाहिजे होतं, पण लाज वाटते म्हणून मागं ठेवलं.

फोन केला होता माझ्या मैत्रिणीला. पहिलीपासून दहावीपर्यंत आम्ही दोघी एका बाकावर. आठवीपासून सिंदीच्या शाळेत एका सायकलवर जायचो. चढावर ती चालवायची, उतारावर मी, आणि त्याबद्दल तिनं मला आजतागायत माफ केलेलं नाही. तिचं लग्न शेजारच्याच गावात झालं, नवरा रेल्वेत होता, पुढं दोघं इथंच घर बांधून राहिले. गेली तीस वर्षं ती गावच्या अंगणवाडीत आहे. गावातल्या निम्म्या लोकांची नाकं तिनं पुसलेली आहेत आणि ती कोणाला ते विसरू देत नाही. तिचं घर रस्त्याच्या पलीकडं, विहाराजवळ. तिकडं बौद्धांची वस्ती, इकडं आम्हा कुणब्यांची घरं, मधून केळझरचा रस्ता. हे मी इथं सरळ लिहितेय, कारण त्या वेळी मी ते सरळ पाहिलं नव्हतं.

तर दिवाळीत मी तिला उत्साहाच्या भरात म्हणाले, जानेवारीत पोरं आणतेय, एक पोरगी तुझ्याकडेच ठेवणार बरं का. फक्त कमोड लागेल, या पोरांचे गुडघे वाकत नाहीत. तिनं आधी मला आणि त्या पोरींना भरपूर शिव्या घातल्या, पोरी शिकाले येऊन राह्यल्या का बसाले म्हणून. मग एकदम गंभीर होऊन विचारायला लागली. कमोड उंच किती असतो, पोरगी तिखट खाते का, रात्री दिवा लागतो का. मी सगळं सांगितलं. नंतर परीक्षा आल्या, व्हिसा आले, मुलांच्या आईबापांचे फोन आले, आणि तो फोन माझ्या डोक्यातून साफ पुसला गेला. तिच्या डोक्यातून नाही गेला.

जानेवारीत नागपूरहून आमची गाडी गावात शिरली तेव्हा ग्रामपंचायतीपुढं अर्धं गाव उभं होतं. बायका ओवाळायला, पोरं नुसती बघायला. दादानं इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि इंग्रजीची चार वाक्यं पाठ करून ठेवली होती. त्यातली दोन जागेवर आठवली नाहीत, पण उरलेल्या दोनांवर त्यानं तीन आठवडे काढले. मैत्रीण अंगणवाडीच्या पोरांची रांग घेऊन आली होती, एकेकाच्या हातात एकेक झेंडू. अकराही जणांना तिनं फुलं दिली. मुलींच्या तोंडाकडं जरा जास्त वेळ पाहत होती. मी तिला मिठी मारली, कशी आहेस विचारलं आणि तिचं उत्तर ऐकायच्या आत वळले, कारण मुलं घरोघर पाठवायची होती.

मग मी यादी वाचली. मोठ्यानं, पंचायतीच्या पायरीवर उभी राहून. एक नाव घ्यायचं, त्या घरची बाई पुढं यायची, हसत हसत आपला पाहुणा घेऊन जायची. अकरा नावं. मैत्रीण शेवटच्या नावापर्यंत उभी होती, पोरांचे हात धरून. स्वतःच्या तोंडानं वाचतानाही मला कळलं नाही. माणूस इतकं आंधळं असू शकतं का? असू शकतं. मी तिला लांबूनच उद्या येते म्हणाले, आणि ती येजो म्हणाली.

उद्या गेले नाही. परवाही नाही. पहिले तीन दिवस माझा जीव मुलांच्यात होता. दादा पहाटेपासून अंगणात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून पाण्याची हंडी चढवायचा, घरोघरी जाऊन मुलांना उठवायचा आणि म्हणायचा, 'वॉटर हॉट. बाथ. गो.' मुलं त्याच्यावर इतकी खूश की तीही एकमेकांना तेच म्हणू लागली. एका सहा फुटी मुलानं वहिनीचा ठेचा चटणी समजून चमच्यानं खाल्ला आणि अर्धा तास गुळाचा खडा तोंडात धरून अंगणात फेऱ्या मारल्या. कापूस वेचायला गेलो तर बोंडाच्या टोकांनी सगळ्यांची बोटं ओरबाडली, दिवसभरात अकरा जणांनी मिळून वेचलेला कापूस एका म्हातारीनं वेचल्याच्या निम्मा भरला, आणि त्या म्हातारीनं प्रत्येकाची पाठ थोपटली. मला फार बरं वाटत होतं. माझं गाव किती प्रेमळ आहे, असं मी रोज रात्री वहीत लिहीत होते. गाव प्रेमळ होतंच. त्यात खोटं काही नव्हतं.

गुडघ्यांची रड मात्र सुरू झाली होती. कमोड आमच्याच घरी, आईच्या शेवटच्या आजारात दादानं बसवलेला. त्याचा उपयोग आमच्याकडं राहिलेल्या एकाच मुलाला. बाकीचे दहा जण सकाळी भिंतीला धरून उठत होते.

चौथ्या दिवशी आमच्या सत्रात नकाशा असतो. मोठं मोकळं अंगण घ्यायचं आणि गावकऱ्यांनी आणि मुलांनी मिळून जमिनीवर आपलं गाव काढायचं. रांगोळीनं रस्ते, विटांच्या चुऱ्यानं घरं, विहिरीला निळा रंग. मी वीस वर्षं हा धडा शिकवते. कोणाची विहीर कुठं आहे, देवळापासून कोण किती लांब आहे, कोणाचं घर काढायचं राहूनच गेलं, ते नकाशावर आपोआप दिसतं, बोलून विचारावं लागत नाही. पंचायतीपुढं सुंदर नकाशा झाला. बायकांनी हौसेनं विहाराचं निशाणसुद्धा काढलं. मग मुलांना मी सांगितलं, आता तुम्ही राहता त्या घरावर एकेक झेंडू ठेवा.

सगळ्यांनी ठेवले. आमच्यात कुरळ्या केसांची एक मुलगी होती, शेतकऱ्याचीच लेक, मैलोगणती गव्हाच्या रानातून आलेली. ती फार बोलायची नाही. तिनं बराच वेळ नकाशाकडं पाहिलं आणि मला विचारलं, आपल्यातलं कोणीच रस्त्याच्या त्या बाजूला का राहत नाही? बायकांनी विचारलं, काय म्हणते वं ती? मी सांगितलं. दादा म्हणाला, तिकडची घरं लहान हायेत. आणि मी, वीस वर्षं हेच शिकवणारी बाई, ते इंग्रजीत करून त्या मुलीला सांगितलं.

तिनं मान हलवली. मी पुन्हा नकाशाकडं पाहिलं. अकरा झेंडू, सगळे एका बाजूला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आणि तेव्हा, त्या क्षणी, मला दिवाळीचा फोन आठवला. शब्दन् शब्द आठवला.

घरी आले तर वहिनी चुलीपुढं भाकरी थापत होती. तिला मी आडूनआडून विचारलं, माझी मैत्रीण काही बोलली होती का. वहिनीनं माझ्याकडं न बघता सगळं सांगितलं. दिवाळी झाल्याबरोबर तिनं सेलूहून गवंडी आणला होता. मागची खोली मुलीसाठी रिकामी केली, रंगवली, नवी गादी भरून घेतली, आणि गावातला दुसरा कमोड बसवला. बचत गटाच्या बायकांना बोलावून दाखवलासुद्धा. मुलं आली त्या दिवशी तिनं वांग्याची भाजी दोनदा केली, पहिली तिखट झाली म्हणून. यादी वाचून झाल्यावर घरी गेली आणि दिवेलागणीपर्यंत ओट्यावर बसून होती, काही चुकलं असेल, आता आणतील, म्हणून.

मी म्हणाले, वहिनी, चार दिवस झाले, तुम्ही मला सांगितलं का नाही?

"मले कोण विचारते?" वहिनी म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटवली.

तिलाही मी कधी काही विचारलं नव्हतं. यादी दादानं केली होती, पण त्या अकरा घरांतला स्वयंपाक ज्या बायका करणार होत्या त्यांना कोणी विचारलं होतं? तो राग मी नंतरसाठी ठेवला आणि तशीच चप्पल घालून निघाले.

मैत्रीण अंगणात सूप घेऊन डाळ निवडत बसली होती. मी फाटकातून आत आले तशी ती उठली, घरातून प्लॅस्टिकची खुर्ची आणली, पदरानं पुसली.

"या. बसा, मॅडम."

पन्नास वर्षांत तिनं मला तू सोडून काही म्हटलेलं नाही. शिव्या दिल्या तरी तूच. मी बसले. विसरले गं, म्हणाले. ती डाळ निवडत राहिली. मी म्हणाले, यादी दादानं केली, पण वाचली मी, चूक माझीच. ती डाळ निवडत राहिली. मग मला वाटलं आपण काहीतरी करून दाखवावं. ही माझी जुनी खोड, माफी मागून झाली की लगेच दुरुस्ती करायला निघायचं. मी म्हणाले, उद्यापासून त्या कुरळ्या केसांच्या मुलीला तुझ्याकडं आणते.

आता तिनं सूप खाली ठेवलं.

"उरलेली पोरगी मले नको," ती म्हणाली. "आन पोरी तं येतीनच. त्यायले काय माहीत इथलं? तू कधी आली?"

तिच्या आईच्या घराच्या कुंपणाशी मी शंभरदा उभी राहिले होते. या नव्या घराच्या फाटकाशी दर सुट्टीत. एकदा उभ्या उभ्या पाणी प्याले होते, तेवढंच. आत जाऊन बसले, जेवले, झोपले, असं एकदाही नाही. मला कोणी कधी नको म्हटलं नव्हतं. आमच्या घरात असलं काही बोलतच नसत. फक्त तिकडं जायची वेळ आली की आईला माझ्यासाठी एखादं काम आठवायचं. आई गेली, काम सांगणारं कोणी राहिलं नाही, तरी मी फाटकापर्यंतच जात राहिले. आणि जगभर फिरून लोकांना नकाशे काढायला शिकवत राहिले.

मला रडू आलं. रडू आल्याचाही राग आला, कारण आता तिनं माझी समजूत काढायची की काय? तिनं काढली नाही. मला रडू दिलं. डाळीतले खडे वेचून बाजूला टाकत बसली.

नाक पुसून मी म्हणाले, मी येते तुझ्याकडं राहायला. उरलेले सगळे दिवस.

"आधी तुह्या दादाले विचार."

मी भडकले. चौपन्न वर्षांची बाई आहे मी, म्हणाले, दादाला काय विचारायचं?

"म्हणून तं म्हणून राह्यली," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा तिच्या तोंडावर थोडं हसू आलं. मग तिनं मला आत नेऊन खोली दाखवली. पिस्त्याच्या रंगाच्या भिंती, मच्छरदाणी, उशीच्या अभ्र्यावर भरतकामात काढलेलं वेलकम. आणि मागं तो कमोड. त्याच्या झाकणावरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं.

घरी येऊन मी बॅग भरायला घेतली तेव्हा दादा दारात येऊन उभा राहिला. माझा दादा वाईट माणूस नाही, हे मी पुन्हा पुन्हा सांगेन. माझी खोली त्यानंही रंगवून घेतली होती. मी येणार म्हणून आठ दिवस आधीपासून दारातल्या गाईचं दूध बाहेर जाऊ दिलं नव्हतं. तो म्हणाला, मी काई वाईट केलं नाई, चांगली घरं पाहून यादी केली. मी म्हणाले, हो, आणि ती मी वाचून दाखवली, तेव्हा दोघंही सारखेच. लोक काय म्हणतीन, म्हणाला. म्हणतील, मैत्रिणीकडं राहायला गेली, मी म्हणाले. त्यानं माझ्या हातातली बॅग घेतली, कारण बहिणीनं जड उचललेलं त्याला कधीच बघवत नाही. रस्त्यापर्यंत आणली. तिथं खाली ठेवली आणि म्हणाला, ढोरायले पाणी पाजाचं राह्यलं. रस्ता ओलांडून पुढं ती मी नेली.

त्यानंतरचे दिवस माझ्या सगळ्या सत्रांत सगळ्यात सुखाचे. मैत्रीण घोरते आणि घोरत नाही म्हणून शपथ घेते. तिचा नवरा पहाटे उठून रेडिओ लावतो आणि त्याच्याशी भांडतो. पहिल्या सकाळी मी कमोडवरचं प्लॅस्टिक काढायला गेले तर तिनं थांबवलं. पाहुण्यासाठी आणला, म्हणाली, उद्घाटन पाहुणीच करीन. तू घरची. मला त्या दिवशी बाहेरच्या साध्या संडासात पाठवलं.

पाहुणी आलीच. कुरळ्या केसांच्या मुलीला कुठून तरी कळलं आणि ती दुसऱ्या दिवशी टॉवेल खांद्यावर टाकून लाजत फाटकाशी उभी राहिली. तिसऱ्या दिवशी चौघं. त्यानंतर दहाच्या दहा. सकाळी सहाला तिच्या ओट्यावर रांग लागायची, हातात आपापली बाटली, डोळ्यांत झोप. मैत्रीण हातात अंगणवाडीची छडी घेऊन दाराशी बसायची. जो आत जास्त वेळ लावील त्याच्या दारावर टकटक करून 'लवकर निंघ' म्हणायची. मुलं बाहेर आली की चहा आणि तिखट शेव, आणि प्रत्येकाला आदल्या दिवसाचा हिशेब द्यावा लागायचा, काय खाल्लं, काय शिकला, आईला फोन केला का. आठवड्याभरात मुलं तिला बाई म्हणू लागली, अगदी अंगणवाडीतल्या पोरांसारखी हेल काढून. त्यांनी सत्राच्या शेवटी निबंध लिहिले, त्यातल्या सहांमध्ये तो ओटा होता. ज्या घरी त्यांना मी ठेवलं नव्हतं, त्या घरी ती आपण होऊन गेली. मला शहाणपण शिकवायची त्यांची इच्छा नव्हती. त्यांचे गुडघे दुखत होते, एवढंच.

दादा त्या दिवसांत रोज सकाळी एकदा रस्त्याच्या कडेला यायचा. मुलं तिकडूनच आंघोळीला जायची म्हणून मोजायला येतो, म्हणायचा. पलीकडून मी हात करायचे, तोही करायचा. मैत्रीण छडी हलवून म्हणायची, भाऊ, या चहाले. तो म्हणायचा, आत्ताच झाला. रोज आत्ताच झाला. मी रोज चिडायचे, आणि ती म्हणायची, असू दे वं, तुले पन्नास वर्षं लागली.

निघायच्या दिवशी पंचायतीपुढं पुन्हा सगळे जमले. माझ्यासकट सगळे रडले, सहा फुटी मुलगा सर्वांत जास्त. मी मैत्रिणीला बाजूला घेऊन म्हणाले, पुढच्या खेपेला तुझं नाव यादीत सगळ्यात वर. मला वाटलं, किती मोठं बोललो आपण. तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी अजून उतारावरच सायकल चालवतेय.

"माह्यं नाव कायले लिहितं?" ती म्हणाली. "यादी मी करीन."

मी हो म्हटलं. म्हणायलाच पाहिजे होतं. त्या हिवाळ्यानंतर घरं ठरवायचं काम तिचं, हे मी दादाला फोन करून स्वतः सांगितलं. तो फक्त बरं म्हणाला आणि चण्याचा भाव सांगू लागला.

पुढची खेप ठरली. आता बारा मुलं येणार होती. मैत्रीण पंधरा दिवस वही घेऊन दोन्ही बाजूंची घरं फिरत होती. घरातल्या बायकांशी बोलायची, पुरुषांना म्हणायची तुमचं काम नाई, बाहेर बसा. खोली बघायची, न्हाणी बघायची, पाणी कुठून येतं ते बघायची. हे मला वहिनी फोनवर सांगायची, आणि सांगताना हसायची. मग एका रविवारी दादाचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं, गाईचं झालं, पावसाचं झालं. शेवटी म्हणाला, त्या यादीत आपलं नाव हाय का नाई?

मला माहीत नाही, मी म्हणाले. खरंच माहीत नव्हतं. तिला विचार.

"मी?"

हो, तू.

एवढ्या लांबून मला त्याचा श्वास ऐकू येत होता. मला त्याची दया आली, अगदी पोटातून आली. वाटलं, मीच विचारून सांगते म्हणावं. जीभ चावून गप्प बसले.

चार दिवसांनी मैत्रिणीचा फोन. आला होता तुह्या भाऊ, म्हणाली. मी जिथं होते तिथंच खाली बसले. तिनं सावकाश सांगितलं, तिला माझा जीव टांगणीला लावायची हौस आहे. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. फाटकाशी उभा राहिला. तिनं आत या म्हटलं. आला, खुर्चीवर बसला, तिच्या नवऱ्याशी कापसाबद्दल बोलला, चहा घेतला. आणि मग विचारलं, माह्यं नाव हाय का त्यात म्हणून.

"मग?" मी म्हणाले. "टाकलं का त्याचं नाव?"

"कसं टाकू?" ती म्हणाली. "म्हटलं, भाऊ, साऱ्या गावातली घरं पाह्यली. तुमचं घर मी आतून कधी पाह्यलंच नाई. पाह्यल्याशिवाय नाव कसं टाकू?"

सायकल घ्यायला ती रोज आमच्या दारात यायची. रोज. तिला आत ये म्हणायचं मलाही कधी सुचलं नव्हतं.

"काय म्हणाला दादा?" मी शेवटी विचारलं.

"खाली पाहत बसला. मग उठला, चप्पल घातली, फाटकापर्यंत गेला आन वापस आला." पुढचं तिनं दादाच्याच शब्दांत सांगितलं. "म्हणाला, बाई, उद्या येजो."